सहावीला कुठे? पालिका-झेडपीच्या शाळेबद्दल पालक काय म्हणतात आणि मुलं काय म्हणतात

मे महिना सरत आला की आपल्या मोहल्ल्यात एकच प्रश्न घरोघरी फिरू लागतो. पाचवी झाली, आता सहावीला कुठे? कुणी म्हणतं, पालिकेची शाळा जवळ आहे, तिथेच राहू द्या. कुणी म्हणतं, तिथे काही शिकवत नाहीत, चार पैसे जास्त गेले तरी चालतील पण इंग्रजीत टाका. लग्नाच्या दावतीत, मशिदीबाहेर, किराणा दुकानाच्या फळीवर या गप्पा चालतात आणि जूनच्या मध्यात शाळा उघडायच्या आत निर्णय होऊनही जातो. ज्या मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल हा निर्णय असतो, त्यांना विचारणारं घर मात्र क्वचितच सापडतं.

सहावी, सातवी आणि आठवी या तीन वर्गांना कायद्याच्या भाषेत 'उच्च प्राथमिक' म्हणतात. ही तीन वर्षं नाजूक असतात. मूल लहान राहिलेलं नसतं आणि मोठंही झालेलं नसतं. गणितात बीजगणित येतं, विज्ञान अवघड होतं, मुली वयात येतात, मुलांना कामाला लावण्याचा विचार काही घरांत याच वयात सुरू होतो. सच्चर समितीने २००६ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटलं होतं की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच बाहेर पडली होती. मदरशात पूर्णवेळ शिकणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम ४ टक्के होतं. म्हणजे आपल्या समाजाची खरी शाळा तेव्हाही पालिकेची, झेडपीची आणि अनुदानितच होती. म्हणून या शाळांबद्दल आपण काय बोलतो आणि कुठे बोलतो, ही साधी गोष्ट नाही. या लेखात आम्ही तेच उलगडून सांगणार आहोत. शाळा उर्दू माध्यमाची असो की मराठी, मुद्दे बहुतेक सारखेच आहेत.

पालक काय म्हणतात

शिक्षक म्हणून पालकसभांमध्ये आणि वस्तीत फिरताना आमच्या कानावर जी मतं पडतात, ती साधारण पाच-सहा प्रकारची असतात.

पहिलं मत सगळ्यांत जास्त ऐकू येतं, "तिथे शिकवतच नाहीत." खोलात जाऊन विचारलं की यातून वेगवेगळ्या गोष्टी बाहेर पडतात. कधी गणित-विज्ञानाला शिक्षकच नसतो आणि भाषेचे सर दोन वर्ग एकत्र बसवून वेळ भागवतात. कधी शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेलेले असतात. कधी शिक्षक आहेत, पण तासाला वेळेवर येत नाहीत. तिन्ही तक्रारी वेगळ्या आहेत आणि तिन्हींचा इलाजही वेगळा आहे. "शिकवत नाहीत" म्हटलं की तिन्ही एका गाठोड्यात बांधल्या जातात आणि कुणालाच जबाब द्यावा लागत नाही.

दुसरं मत इंग्रजीचं. "उर्दूतून शिकून पुढे काय? अकरावी सायन्सला गेला की पोरगा गांगरतो." ही भीती खोटी नाही. आठवीपर्यंत 'कसर' आणि 'मसावात' म्हणणाऱ्या मुलासमोर अचानक इंग्रजी शब्द आले की तो काही महिने चाचपडतो. पण यावरचा उपाय फक्त इंग्रजी माध्यम नाही. काही उर्दू शाळांत आणि कितीतरी मराठी शाळांत सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय आपल्या भाषेतून. आपल्या शाळेत तो वर्ग आहे का, नसेल तर मागता येईल का, हे विचारणारे पालक मात्र कमी.

तिसरं मत उर्दू शाळांबाबत, "मुलाला मराठी येत नाही." हे मत आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. तलाठी कार्यालय, पोलीस भरती, एमपीएससी, बँकेचा अर्ज, सगळीकडे मराठी लागते. राज्याने २०२० मध्ये कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली आहे. तेव्हा मराठीचा तास रोज होतो का आणि मूल मराठीत चार वाक्यं न अडता बोलतं का, हे पालकांनी हक्काने विचारावं.

चौथं मत बहुतेक आया मांडतात, आणि तेही हळू आवाजात. मुलींचं शौचालय बंद असतं, कडी तुटलेली असते, पाणी नसतं. मुलगी सकाळी पाणी न पिता शाळेत जाते आणि दुपारी डोकं दुखतं म्हणून झोपते. पाळीच्या दिवसांत शाळा बुडवते. घरातल्या पुरुषांना ही गोष्ट कळत नाही. मग एक दिवस "आता बस झालं शिक्षण" असा निर्णय होतो आणि खरं कारण एका तुटक्या कडीत असतं.

पाचवं मत 'माहौल'चं. "तिथली मुलं शिव्या देतात, सुट्टीत गेटबाहेर टोळकी उभी असतात." यात खरंही असतं आणि थोडी बदगुमानीही असते. पालिकेच्या शाळेत जी मुलं आहेत ती आपल्याच गल्लीतली आहेत. गेटवर टोळकी असतील तर पोलीस चौकीला पत्र देता येतं, गेटवर माणूस मागता येतो. पण "तिथली मुलं" म्हटलं की आपली जबाबदारी संपते.

सहावं मत चांगलं असतं आणि म्हणूनच कमी ऐकू येतं. फी नाही, पुस्तकं मोफत, दुपारी जेवण, शाळा पायी जाण्याच्या अंतरावर. सर घर ओळखतात, मूल दोन दिवस आलं नाही तर निरोप पाठवतात. रमजानमध्ये उर्दू शाळेची वेळ बदलते, जुम्याच्या नमाजची अडचण होत नाही. एखाद्या जुन्या मॅडमनी तीन-चार मुलांना शिष्यवृत्ती परीक्षेला बसवून पास करवलं, याची आठवण वस्तीत वर्षानुवर्षं राहते.

मुलं काय म्हणतात

मुलांना विचारलं तर यादी बदलते. माध्यम, बोर्ड, पुढचं करिअर हे त्यांच्या तोंडी फारसं येत नाही. त्यांचं मत रोजच्या सहा तासांबद्दल असतं.

"सर समजावून सांगतात, पण पुन्हा विचारलं की चिडतात." "लायब्ररीचं कपाट कुलूपबंद आहे, चावी कुणाकडे आहे ते माहीत नाही." "खेळाचा तास वेळापत्रकात आहे, पण त्या तासाला गणिताचं लिहून घेतात." "खिचडी रोज तीच असते." "माझ्या भावाशी तुलना करतात." "मागच्या बाकावर फळा दिसत नाही." हे शेवटचं वाक्य ऐकलं की आम्ही पालकांना आधी डोळे तपासून घ्या असं सांगतो. अभ्यासात 'कच्चा' ठरवलेल्या मुलाला फक्त चष्म्याची गरज असू शकते.

मुली आणखी एक गोष्ट सांगतात. घरी गेल्यावर त्यांना भावंडं सांभाळावी लागतात, शिलाई किंवा पॅकिंगचं काम असतं, म्हणून शाळेतच अभ्यासाला अर्धा तास मिळाला तर बरं होईल. ही मागणी पैशाची नाही. एक वर्ग उघडा ठेवून पूर्ण होण्यासारखी आहे. पण ती कुणाच्या कानावर जात नाही, कारण पालकांना माहीत नसते आणि शाळा विचारत नाही.

मुलांचं मत ऐकायचं तर प्रश्न नेमका हवा. "शाळा कशी आहे?" म्हटलं की "बरी आहे" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: आज कोणत्या तासाला कुणी आलं नाही? या आठवड्यात विज्ञानाचा एखादा प्रयोग हाताने केलास का? शाळेत शौचालयाला जातेस की घरी येईपर्यंत थांबतेस? कुणी मारलं का, कुणी नावं ठेवली का? वहीत लाल शाईची शेवटची खूण कधीची आहे? आठ दिवस असं विचारलं तर शाळेचं चित्र दावतीतल्या गप्पांपेक्षा कितीतरी स्पष्ट होतं.

मत आणि हक्क: कायदा काय सांगतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपण ज्याला 'तक्रार' म्हणतो, त्यातल्या कितीतरी गोष्टी या कायद्यात मुलाचा हक्क म्हणून लिहिलेल्या आहेत. सहावी ते आठवीसाठी त्यातल्या महत्त्वाच्या अशा:

शिक्षक: प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा आणि ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा या तीन गटांसाठी किमान एकेक शिक्षक हवाच. पट १०० च्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक.

दिवस: वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १,००० अध्यापनाचे तास.

इमारत: मुलामुलींसाठी वेगवेगळी शौचालयं, पिण्याचं सुरक्षित पाणी, मैदान, कुंपण, ग्रंथालय.

वागणूक: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामाला लावता येत नाही.

प्रवेश: वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा बदलताना टीसीला उशीर झाला, म्हणून नव्या शाळेला मुलाला अडवता येत नाही. शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं.

याशिवाय दुपारच्या पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम धान्य धरलेलं असतं आणि त्या जेवणातून ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. "खिचडी पातळ असते" हे मुलाचं मत मग तपासता येण्यासारखं होतं.

परीक्षेबद्दलही गैरसमज फार आहे. "आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही, मग अभ्यास कशाला" हे वाक्य आता जुनं झालं. केंद्राने २०१९ मध्ये कायद्यात बदल केला आणि महाराष्ट्रात शैक्षणिक वर्ष २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तिथेही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. म्हणून सहावी-सातवीत गणित कच्चं राहिलं तर ते आठवीत अंगावर येतं.

या गोष्टी तपासायला कुणाची ओळख लागत नाही. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो क्रमांक किंवा शाळेचं नाव टाकून शाळेची माहिती इंटरनेटवर पाहता येते. किती शिक्षक, किती वर्गखोल्या, शौचालयं आहेत का, सगळं तिथे नोंदवलेलं असतं. कागदावर 'आहे' आणि प्रत्यक्षात कुलूप, असं आढळलं तर तुमच्या मताला पुरावा मिळाला.

मतामुळे शाळा कशी बुडते

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. शाळेबद्दलचं वाईट मत केवळ शाळेचं वर्णन करत नाही, पुढच्या वर्षीची शाळाही घडवतं.

दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे त्या शाळेला किती शिक्षकांची पदं मिळणार हे ठरतं. मोहल्ल्यात बोलबाला झाला की "तिथे गणिताला कुणी नाही", तर ज्यांना फी परवडते ते पंधरा-वीस पालक मुलं काढतात. पट घसरतो. एक पद 'अतिरिक्त' ठरतं आणि त्या शिक्षकाचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं. उरलेले शिक्षक दोन वर्ग एकत्र बसवतात. पुढच्या मे महिन्यात लोक म्हणतात, "बघा, आम्ही सांगत नव्हतो?"

पैशाचंही तसंच. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटाशी बांधलेलं आहे. १०० च्या वर आणि २५० पर्यंत पट असेल तर वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत, ३० च्या वर आणि १०० पर्यंत असेल तर २५ हजारांपर्यंत. पट १०५ वरून ९५ वर आला तर फक्त दहा मुलं कमी होतात, पण अनुदान निम्म्यावर येतं. कडी दुरुस्त करायचे, नळ बदलायचे, खडू-फळ्याचे पैसे याच अनुदानातून येतात. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी वापरायचा असतो.

ज्यांनी मुलं काढली त्यांच्यावर आम्ही बोट ठेवत नाही. शाळा बदलणं हाही मुलाचा हक्क आहे आणि आज शिक्षक नसलेल्या वर्गात आपलं मूल कुणी किती दिवस बसवावं? पण जे मागे राहतात ते बहुतेक रिक्षावाल्याचं, यंत्रमाग कामगाराचं, घरकाम करणाऱ्या आईचं मूल असतं. बोलू शकणारे पालक बाहेर पडतात आणि शाळेला जाब विचारणारा आवाजही त्यांच्याबरोबर जातो. नुकसान दोन्हीकडून होतं.

काढण्याआधी हिशेब करा

इंग्रजी शाळेत सहावीला टाकायचं ठरत असेल तर काही गोष्टी आधी ध्यानात घ्या.

खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला, म्हणजे पूर्वप्राथमिक किंवा पहिलीला असतात. सहावीला त्या कोट्यातून नव्याने प्रवेश मिळत नाही. तेव्हा फी पूर्ण भरावी लागेल. तीन वर्षांची फी, गणवेश, पुस्तकं, रिक्षा आणि शिकवणी यांची बेरीज कागदावर मांडा. घरात दोन भावंडं मागे असतील तर त्यांचाही विचार करा.

दुसरी गोष्ट एनएमएमएस परीक्षेची. आठवीत शिकणाऱ्या मुलांसाठी ही राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सर्वसाधारण गटातल्या मुलाला सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत. पण ही परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित खाजगी शाळेत गेलेल्या मुलाला तिचं दार बंद होतं. परीक्षा उर्दूतून आणि मराठीतून देता येते. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर असतात. सातवीपासून रोज दहा प्रश्न सोडवले तरी तयारी होते. याची आठवण मुद्दाम करून द्यावी लागते, कारण अल्पसंख्याकांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून पहिली ते आठवीसाठी बंद झाली आणि ती तेव्हा फक्त नववी-दहावीपुरती ठेवण्यात आली. जे एक दार उघडं आहे, ते तरी माहीत असावं.

तिसरी गोष्ट, नव्या शाळेलाही तेच प्रश्न विचारा जे जुन्या शाळेला विचारता. सहावी ते आठवीचे शिक्षक टीईटी पास आहेत का? गणिताचे सर वर्षात किती वेळा बदलले? मैदान आहे का? मराठी कोण शिकवतं? पाटी इंग्रजी आहे म्हणून आतलं सगळं चांगलं असेल, असं नसतं, आणि सरकारी आहे म्हणून सगळं वाईट, असंही नसतं.

आठवीचा प्रश्न सहावीतच विचारा

कितीतरी पालिका आणि झेडपी शाळा सातवीला संपतात. आठवीसाठी मुलाला हायस्कूलात जावं लागतं. मुलांचं कसंबसं जमतं, मुली मात्र इथेच थांबतात. "लांब आहे, रस्ता बरा नाही, सोबत कुणी नाही." राज्याच्या नियमांप्रमाणे उच्च प्राथमिक वर्गांची सोय वस्तीपासून तीन किलोमीटरच्या आत असायला हवी, आणि आठवीही त्यातच मोडते. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. वस्तीतल्या पाच-सहा मुली एकत्र जाणार असतील तर घरच्यांची निम्मी काळजी कमी होते. ही जुळवाजुळव सातवीच्या निकालाच्या दिवशी होत नाही. सहावीतच पालकांनी एकमेकांशी बोलून ठेवायला हवं, आणि आपल्या शाळेला आठवीचा वर्ग जोडून द्या अशी लेखी मागणीही तेव्हाच करायला हवी.

मत कुठे मांडायचं

इस्लामने गीबत मना केली आहे आणि कामात मशवरा करायला सांगितलं आहे. एखाद्या सरांबद्दल हॉटेलात चार कप चहा होईपर्यंत बोलणं ही गीबत झाली. त्याने तास सुरू होत नाही. तीच गोष्ट सभेत, तोंडावर, अदबीने मांडणं हा मशवरा. कायद्याने त्यासाठी जागाही करून दिली आहे.

ती जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, मुख्याध्यापक सचिव असतात. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही समितीत असतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा बनवणं आणि अनुदान कसं खर्च होतं यावर लक्ष ठेवणं, ही या समितीची कामं कायद्यातच दिलेली आहेत. एक फरक लक्षात ठेवा. पालिका आणि झेडपीच्या शाळांत समितीला हे पूर्ण काम आहे. अंजुमन किंवा सोसायटीच्या अनुदानित अल्पसंख्याक शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीची भूमिका फक्त सल्ल्याची आहे.

प्रत्यक्षात काय होतं? बैठकीची वही घरी येते, अम्मी सही करते, वही परत जाते. ज्या बाईंची महिला सदस्य म्हणून नोंद आहे, त्यांनी बैठक कधी पाहिलेलीच नसते. दुपारी बारा वाजता बैठक ठेवली तर रोजंदारीवरचा बाप येणार कसा? म्हणून पहिली मागणी हीच करा की बैठक अशा वेळी ठेवा जेव्हा पालक येऊ शकतील. शुक्रवारी जुम्यानंतर किंवा संध्याकाळी, जसं वस्तीला सोयीचं असेल तसं.

बैठकीत जाताना तीन गोष्टी बरोबर न्या. एक, तक्रार नेमकी असावी. "शिकवत नाहीत" असं न म्हणता "१ जुलैपासून सहावी ब ला गणिताचा तास झालेला नाही" असं म्हणा. दोन, उपायही सांगा. पद भरलं जाईपर्यंत आठवड्यातले तीन तास दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांकडून घेता येतील का? तीन, जे बोललात ते इतिवृत्तात लिहून घ्या. वहीत नसलेली गोष्ट सरकारी कामात झालेलीच नसते.

एवढं करूनही हललं नाही तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, पोच घेऊन. मग केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, महापालिका-नगरपालिका असेल तर तिथला शिक्षण विभाग. मुलाच्या हक्काबद्दलच्या लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असं कायद्यातच म्हटलं आहे. तिथे समाधान झालं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. अर्ज मराठीत लिहा. लिहायला अडचण वाटत असेल तर मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या मुलामुलींची मदत घ्या, त्यांनाही काम येईल.

आणि एक विनंती. चांगलं घडलं तर तेही त्याच वहीत नोंदवा. एखाद्या मॅडमनी सुट्टीत थांबून मुलींना वाचायला शिकवलं, एखाद्या सरांनी स्वतःच्या खिशातून प्रयोगाचं सामान आणलं, तर बैठकीत नाव घेऊन शुक्रिया अदा करा. बदलीच्या काळात अशा शिक्षकाला इथेच ठेवा असं सांगायला समितीकडे मग काहीतरी लेखी असतं. शिवाय शाळेबद्दल मोहल्ल्यात फक्त वाईटच का फिरावं?

शेवटी मुलांकडे. बैठकीला जाण्याच्या आदल्या रात्री जेवताना त्यांना विचारा, "उद्या मी शाळेत जाणार आहे, तुझ्याकडून काय सांगू?" उत्तर लगेच येईलच असं नाही. कदाचित मुलगी म्हणेल, काही नाही. मग झोपताना हळूच येऊन कडीचं सांगेल. ती गोष्ट कागदावर लिहा, घडी करून खिशात ठेवा आणि सभेत सर्वांत आधी तीच वाचा.